माया परत येत नाही

सकाळी ६.१०

कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्याशी उभी राहून पुस्तक वाचते, तेही पाठमोरं. चित्रं भिंतीकडे, मजकूर कडेनं चोरून बघायचा, मान वाकडी. मुलांसमोर चित्रपुस्तक असंच धरावं लागतं, आणि सराव नसला की ऐन वेळी बोटं नेमकी चित्रातल्या चेहऱ्यावर येतात. आजचं पुस्तक इंग्रजी आहे, म्हणजे डोळ्यांनी इंग्रजी आणि तोंडानं मराठी. पानं बत्तीस. चित्रपुस्तकं बहुधा बत्तीसच पानांची असतात. सोळा पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे छापले, दुमडले, टाचले की झालं. एवढ्याशा पुस्तकाचा काय अभ्यास, असं घरात विचारून झालेलं आहे.

जॅकलिन वुडसन यांचं ‘ईच काइंडनेस’, २०१२ सालचं. चित्रं ई. बी. लुईस यांची, जलरंगातली. नणंदेच्या मुलीनं न्यू जर्सीहून येताना आणलं. ऐन हिवाळ्यात वर्गात एक नवी मुलगी येते. कपडे जुने, चपलेचा पट्टा तुटलेला. गोष्ट सांगणाऱ्या मुलीच्या शेजारी ती बसते, हसते. ही हसत नाही. नवी मुलगी खेळायला काही ना काही घेऊन येते, प्रत्येक वेळी नकार मिळतो. मग एके दिवशी तिची जागा रिकामी. त्या मुलीचं नाव माया.

हे नाव मला आयतंच मिळालं. शीर्षकातल्या काइंडनेसला मराठीत काय म्हणायचं, यावर माझे चार दिवस गेलेत. दया म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली. करुणा म्हटलं की मुलांना बुद्धाची मूर्ती दिसते. भूतदया म्हणजे कुत्र्याला भाकरी. माणुसकी हा शब्द आपण ती कुठं दिसली नाही तेव्हाच जास्त वापरतो. राहिली माया. ती लावता येते, ती गाईलाही असते, आणि चौथीतल्या पोराला तिचा अर्थ विचारावा लागत नाही.

उलट बाजूला शब्दांची रेलचेल. चिडवणं, खोडी काढणं, टर उडवणं, दादागिरी, छळ. आणि वाळीत टाकणं. हा शब्द मोठ्यांचा, इतका की २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पण मुलंही नेमकं तेच करतात. कट्टी निराळी. ती दोघांत होते, दोघंही फुगून बसतात, संध्याकाळपर्यंत बट्टी. नॉर्वेचे डॅन ओल्वेउस यांनी शाळेतल्या छळाच्या तीन खुणा सांगून ठेवल्यात: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा केलेला, आणि ज्याचा होतो त्याला परतफेड करता येत नाही असा. कट्टीला यातली एकही धड लागू पडत नाही. वाळीत टाकण्याला तिन्ही.

९.४५

कागदोपत्री मी अर्धवेळ ग्रंथपाल. अर्धा फक्त पगार असतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही अर्धवेळ ग्रंथपालाला विचारा. आमची शाळा कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातली, पहिली ते दहावी एकाच इमारतीत. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेची जुनी खोली; कपाटं पाच, त्यातलं एक चित्रपुस्तकांचं, आणि त्याचीच किल्ली कायम हरवते.

आल्याआल्या डागडुजी. चित्रपुस्तकाचं मरण टाचणीत असतं. पावसाळ्यात टाचणीला गंज चढतो, गंज कागद खातो, आणि मधली दोन पानं आधी सुटतात. गोष्टीचा कळस बहुधा तिथंच आसपास असतो, म्हणजे जीर्ण पुस्तकातून नेमका तोच जातो. टाचण्या उपसून मी सुईदोऱ्यानं तीन टाके घालते, कण्यावर कापडी पट्टी खळीनं चिकटवते. सेलोटेप लावू नये. दोन वर्षांत पिवळी पडते आणि निघताना चित्रही घेऊन जाते.

आज नॅशनल बुक ट्रस्टची तीन आणि ज्योत्स्ना प्रकाशनाचं एक शिवलं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं सगळ्यांत जास्त फाटतात. लेखकाला याहून मोठी पावती काय देणार?

१०.४०

परिपाठ. आज २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. चौथीतल्या एका मुलीनं भाषण केलं. ही वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेली. हातवारे जागच्या जागी, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत. मराठी किती गोड, किती समृद्ध, तिच्या बोली किती. टाळ्या.

याच मुलीनं नोव्हेंबरात वर्गातल्या नव्या मुलाचं नाव ‘मव्हं’ ठेवलं.

तो बीडकडचा. हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या माळावर कोप्या पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा कोयत्यांबरोबर शाळेच्या वयाची पोरंही येतात. हा शिक्षण हमी कार्ड घेऊन आमच्या चौथीत दाखल झाला. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याची पेन्सिल उचलली आणि तो म्हणाला, “ती मव्ही हाय.” वर्ग हसला. आमच्याकडं ‘माजी हाय’ म्हणतात. त्या ‘माजी’लाही पुण्यात हसतील हे आमच्या पोरांना अजून ठाऊक नाही. स्वतःचं काही आहे हे सांगायचा त्याचा शब्द होता, तेच त्याचं टोपणनाव झालं. आता तो वस्तू मागताना नुसतं बोट दाखवतो.

हेडसरांच्या खोलीबाहेर तक्रारपेटी आहे. या महिन्यात उघडली तर दोन चिठ्ठ्या निघाल्या: एक पंख्याची, एक खिचडीतल्या मिठाची. ज्याला वाळीत टाकलंय तो चिठ्ठी कशाला लिहील? अक्षर तर सगळा वर्ग ओळखतो.

११.२०

दुसरीची तासिका, पस्तीस मिनिटं. पुस्तक नाही, चिमणी-कावळ्याची गोष्ट, फळ्यावर खडूनं चित्रं काढत. आपण मुलाला सर्वांत आधी जी गोष्ट सांगतो ती भिजलेल्या शेजाऱ्याला दाराबाहेर उभं करण्याची आहे, हे माझ्या ध्यानात यायला चाळिशी उलटली. घरात एकामागून एक कामं निघत राहतात आणि कावळा पावसात. काही घरी तर शेवटी त्याला चटकाही बसतो.

मी विचारलं, चिमणीनं दार लवकर उघडायला हवं होतं का?

“पण त्यानं शेणाचं घर कशाला बांधलं?” एक जण. सगळ्यांना पटलं. चूक कावळ्याचीच. मेणाचं बांधायचं, पाऊस येणार माहीत नव्हतं का? सात वर्षांची मुलं ही. एवढं पक्कं मत त्यांना कुणी दिलं, हे मी आरशात बघून विचारायला हवं. शेवटी मागून बारीक आवाज आला, “मेण इकत मिळतं व्हय?” त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही. मी फळा पुसला.

टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात पात्रं प्राण्यांची, काहींच्यात तीच गोष्ट पण माणसांची. आधी आणि नंतर, आपल्याजवळचे स्टिकर दुसऱ्याला किती देता हे मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांच्यात ती वाढ दिसली नाही. पंचतंत्राच्या देशात हे ऐकून घ्यायला जड जातं. मी कावळा-चिमणी सोडलेली नाहीत. फक्त हल्ली कावळ्याच्या बाजूनं सांगते.

१२.१०

चौथी. सतरंजी अंथरली. भाषणवाली मुलगी पुढं, मधोमध. तो दाराजवळ, सतरंजी संपते तिथं, अर्धा फरशीवर.

वाचायला लागले. बर्फाची थोडी अडचण आली. महाबळेश्वरच्या गोठलेल्या दवबिंदूंवर भागवलं. मायाच्या खेळण्यांत छोटा लाल चेंडू आणि जॅक्स आहेत, त्याला मी सागरगोटे म्हटलं. तुटक्या पट्ट्याच्या चपलेला काहीच म्हणावं लागलं नाही, दोन-तीन पोरांनी आपले पाय मांडीखाली घेतले. पोरी तिच्या जुन्या कपड्यांवरून टोपणनाव ठेवतात, तिथं वर्ग खुदकन हसला. पुढच्या पानावर माया एकटीच दोरीवरच्या उड्या मारत मैदानाला फेरी घालते. या पानावर मी काही बोलत नाही, पुस्तक डावीकडून उजवीकडं सावकाश फिरवते, इतकंच. चित्रपुस्तक वाचून दाखवणाऱ्याला खरं कौशल्य गप्प बसायचं लागतं, आणि ते शिक्षकाच्या जातीला जमत नाही.

मग रिकामी जागा. मग बाई वर्गात मोठ्या भांड्यात पाणी आणतात, त्यात खडा टाकतात, तरंग उठतात, आणि प्रत्येकानं तो खडा हातात घेऊन आपण केलेली एक चांगली गोष्ट सांगायची असते. गोष्ट सांगणाऱ्या मुलीला एकही आठवत नाही. गेल्या वर्षी मी हौसेनं हा प्रयोग खराच केला होता, पोळ्यांच्या परातीत. चौतीस मुलांनी ओळीनं ‘आईला मदत केली’ सांगितलं, पस्तिसाव्यानं खडा एवढ्या जोरात टाकला की हजेरीपत्रक भिजलं. पुस्तकातल्या मुलीचं गप्प राहणं हीच त्या पानाची ताकद, आणि मी तिथं चौतीस खोटी उत्तरं गोळा केली.

माया गावच सोडून गेलेली असते. मुलीला माफी मागायची आहे, पण कुणाची मागणार? पुस्तक संपलं.

मी तात्पर्य विचारत नाही. तरी तीन हात वर झाले. पोरांना सवय आहे. मी हात बघितलेच नाहीत असं केलं. जरा वेळानं खरी बोलणी सुरू झाली.

“फोन करायचा की तिला.”

“नंबर कुठाय?”

“मॅडम, पुढच्या वर्षी येती का ती? ऊस सुरू झाल्यावर?”

आणि मग मधल्या रांगेतला उंच पोरगा म्हणाला, “म्हंजे माया टोळीतली हुती व्हय!”

चौतीस माना दाराकडं वळल्या. तो सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत बसला होता. ओढत राहिला.

मी घाईनं मागचं एक पान उघडलं आणि या चित्रात खिडक्या किती ते मोजा म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. खिडकी एकच होती.

दुपारी १.३०

मधली सुट्टी. खिचडीची रांग व्हरांड्यात, मी हात धुवायच्या नळाशी.

फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली वर्गातल्या छळातल्या भूमिका मांडल्या. छळणारा आणि सोसणारा हे दोघं आपल्याला दिसतातच. शिवाय छळणाऱ्याचे हस्तक, हसून त्याला चेव आणणारे, बाजूला राहणारे, आणि सोसणाऱ्याची बाजू घेणारे. नळाशी उभं राहिलं की पाच मिनिटांत सगळे सापडतात. उंच पोरानं रांगेत धक्का दिला. तिघं हसले. बाकीचे आपापल्या ताटात बघत राहिले, ताटं रिकामी असताना.

आणि मग ऐकू आलं: “ए माया! माया, फुडं सरक की!”

म्हणजे ‘मव्हं’ गेलं आणि ‘माया’ आलं. मुलाला मुलीचं नाव, म्हणजे दुप्पट मजा. माझ्या पुस्तकातून, माझ्याच तोंडून, चाळीस मिनिटांत.

हे माझ्या हातून दुसऱ्यांदा झालं. गेल्या वर्षी तारो याशिमा यांचं ‘क्रो बॉय’ सांगितलं होतं. जपानी खेड्यातल्या शाळेतला एक लहानखुरा पोरगा, सगळे त्याला चिबी म्हणतात, म्हणजे चिमुरडा. मराठीत ‘बुटक्या’ म्हटलं तर वर्गातल्या ठेंगण्या पोराची उद्याची सोय होईल म्हणून मी मुद्दाम चिबीच ठेवलं. तिसऱ्या दिवशी ठेंगण्या पोराला सगळे चिबी म्हणत होते. चिडवण्याविरुद्धच्या पुस्तकात चिडवणं असावंच लागतं, आणि मुलं त्यातून काय उचलतील याचा करार लेखकाशी झालेला नसतो.

ताट घेऊन मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. तो खालमानेनं म्हणाला, “मॅडम, तुम्ही जा. तुम्ही बसल्यावर जास्तीच म्हणतेत.”

उठले.

२.४५

रिकामी तासिका. पुढच्या वर्षीच्या खरेदीची यादी करायची आहे, आणि डोकं ठिकाणावर नाही, म्हणून ‘क्रो बॉय’ पुन्हा काढलं. १९५५ सालचं पुस्तक. याशिमा कागोशिमाचे, १९३९ साली अमेरिकेत गेले, आणि आपल्या गावाकडच्या शाळेची ही आठवण तिथं चित्रांत उतरवली. पहिल्या दिवशी चिबी शाळेच्या इमारतीखालच्या अंधाऱ्या पोकळीत लपून बसलेला सापडतो. मग वर्षानुवर्षं एकटा. सहावीत नवे शिक्षक येतात, इसोबे, ते त्याच्याशी बोलत बसतात. कार्यक्रमात तो कावळ्यांचे तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढतो: पिल्लाचा, आईचा, बापाचा, आणि त्याच्या दूरच्या डोंगरातल्या एकट्या झाडावरच्या कावळ्याचा. सगळे रडतात. रोज पहाटे निघून, सहा वर्षांत एकही दिवस न चुकवता हा मुलगा शाळेत येत होता, हे त्यांना तेव्हा कळतं.

चित्रं अशी की त्या पोकळीतल्या अंधारावर अजून माझं बोट थांबतं. पण एक गोष्ट सलते. चिबीला कावळे आले नसते तर? एलिनॉर एस्टिस यांचं १९४४ सालचं ‘द हंड्रेड ड्रेसेस’ पुष्कळांनी दहावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात वाचलं असेल. त्यातही वांडाची शंभर चित्रं बघितल्यावरच मुलींना ती कळते. या शेल्फावरची निम्मी पुस्तकं अशीच. वाळीत पडलेल्यानं आधी काहीतरी करून दाखवायचं, मग सतरंजीवर जागा. आमच्या दाराजवळच्या पोराला कावळ्याचा आवाज येत नाही. गणितही बेताचं आहे.

म्हणून मला वुडसन बाईंची माया हवी होती. ती काहीच सिद्ध करत नाही. ‘तोत्तोचान’मध्येही असा एक तुकडा आहे, पोलिओ झालेल्या यासुआकी-चानला तोत्तोचान आपल्या झाडावर चढवते तो. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद वर्गातल्या पोरांना सहज पेलतो. त्यात यासुआकी-चानच्या अंगचे कुठलेही गुण उघड होत नाहीत. एका मुलीला वाटतं, यानंही झाडावरून खाली बघावं. बस. शिडी, घाम, खटपट.

यादीत ‘तोत्तोचान’च्या आणखी पाच प्रती लिहिल्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरच्या खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टीही छापून घ्यायच्या आहेत; २०१५ पासून त्या फुकट आहेत, पण छपाईची शाई फुकट नाही. सर म्हणतील, कृष्णधवल छापा. चित्रपुस्तक कृष्णधवल.

४.००

देवघेव. चौथीची रांग. टोळीच्या मुलांना पुस्तक घरी द्यायचं नाही असा नियम कुणी लिहिलेला नाही, नुसता पाळला जातो: हंगाम संपला की पुस्तकही जातं. कारखान्याचा पट्टा पडायला आता थोडेच दिवस उरलेत.

तो टेबलाशी आला. हातात ट्रॅक्टरचं चित्रपुस्तक. बोट दाखवलं, बोलला नाही. मी पान उघडून ठेवलं, शिक्का शोधायला लागले. शिक्का समोरच होता.

बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, “हे चुकलंय.”

“काय?”

“ऊस भरलाय अन् ट्रॉली एकच. दोन असतेत.”

मागं तो उंच पोरगा उभा होता. खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, “व्हय मॅडम, दोनच असत्यात. एकीत परवडतंय व्हय डिझेल?” मग दोघं त्या चित्रावर वाकले. ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसवलाय, त्यावर काहीतरी चाललं. मी नोंदवहीतून मान वर केली नाही. दाखल क्रमांक लिहिला, त्याचं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या हजेरीत आहे तसं. परतीच्या तारखेच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

बाहेर पडताना उंच पोरानं त्याला हाक मारली. ‘माया’ म्हणाला की ‘मव्हं’, की आणखी काही, मला ऐकू आलं नाही.

५.१०

कुलूप लावायला गेले तर भाषणवाली मुलगी आत. रिक्षावाले काका आज उशिरा येणार होते. सकाळचं पुस्तक मी टेबलावर विसरले होते, ते तिच्या मांडीवर.

“मॅडम, हिचा दुसरा भाग हाय?”

“नाही.”

“मग ती परत येतच नाही?”

“नाही येत.”

ती शेवटच्या पानावर होती. पान खिडकीकडं धरून तिनं उजेडात बघितलं, मग अंगठा आणि बोटात धरून चोळलं, नोटांच्या बंडलातल्या चिकटलेल्या नोटा सुट्या करतात तसं. मग कोपऱ्याशी नख घातलं.

“दोन पानं चिकटलीत, असं वाटतंय,” ती म्हणाली.

मी किल्ली हातात घेऊन उभी राहिले. तिनं दुसऱ्या कोपऱ्याशी नख घालून बघितलं.